राजूरच्या हवालदाराने हलवलेला हात

श्रीरामपुरात माझ्या घरामागून कालवा वाहतो. चौदा वर्षं मी त्याच्या काठी राहतो आहे. त्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस खाल्ला, त्या उसाची साखर चहात घातली, पण हे पाणी येतं कुठून ते आपल्या डोळ्यांनी पाहावं असं मला कधी वाटलं नाही. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. भूगोलाचे सर रजेवर गेले की त्यांचा तासही माझ्याकडे येतो, आणि 'प्रवरेवर भंडारदरा येथे मोठे धरण आहे' हे वाक्य मी दरवर्षी ठणकावून सांगतो. जणू काही मी तिथूनच नुकताच उतरून आलोय!

शेवटी तिथे जाणं घडलं ते एका स्वीडिश माणसामुळे. सत्तर सालची दिवाळी होती. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सायकलच्या दुकानातला रज्जाक एका उंच, तांबड्या दाढीच्या माणसाला आमच्या दारात घेऊन आला. मागे अर्धी पेठ होती आणि मधोमध एक धुळीने माखलेली फटफटी.

"सर, ह्याला काय पायजे ते इचारा," रज्जाक म्हणाला. "आमाला पंक्चर एवढाच शब्द समजला. तो तर काढला. आता हा जात न्हाई, नुसता हसतोय."

त्याचं नाव लार्स. वय सव्वीस. आपल्या देशातून निघून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असं करत तो फटफटीवरून इथवर आला होता. वेरूळची लेणी पाहून झाली होती. आठव्या दिवशी मुंबईहून बसऱ्याला बोट होती, तीत फटफटीसकट बसायचं आणि तिथून पुढे रस्त्याने घरी. या देशात राहण्याचा त्याचा परवानाही त्याच दिवशी संपत होता. हे सगळं त्याने मला चिवड्याची तिसरी बशी संपवताना सांगितलं. मग खिशातून एक लहानसं राखाडी पुस्तक काढून दाखवलं. ते त्याचं देशोदेशी चालणारं लायसन. "हे गेलं," तो म्हणाला, "तर माझी फटफटी म्हणजे नुसतं लोखंड."

दोन दिवस तो आमच्याकडे राहिला. माझी बायको सुमती त्याला 'लारसभाऊ' म्हणू लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कालव्याच्या कठड्यावर बसला असताना त्याने विचारलं, "हे पाणी येतं कुठून?"

मी भूगोलाचं वाक्य इंग्रजीत म्हणून दाखवलं.

"कसं आहे ते धरण?"

आता आली का पंचाईत! मी खरं ते सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "मग उद्या जाऊ. पाणी जिकडून येतं तिकडे जायचं, रस्ता चुकायची भीती नाही."

"जा की," सुमती आतून म्हणाली. "नाहीतरी घरी बसून फराळच संपवताय."

मी जन्मात फटफटीवर बसलो नव्हतो. मला भीती वाटते असं लार्सला सांगायला हवं होतं, पण माझं इंग्रजी नेमकं त्या वेळी अडलं.

कालव्याच्या उलट्या दिशेने

सकाळी सातला निघालो. कानाला मफलर, पायात बूट, डब्यात करंज्या. फटफटीच्या टाकीवर लार्सने पांढऱ्या चिकटपट्टीचा एक बाण डकवला होता, टोक डावीकडे. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "आठवण राहावी म्हणून. माझा हात घाईत उजवीकडे जातो." त्यांच्याकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. समोरून मालट्रक आला की तो मोठ्याने "लेफ्ट, लेफ्ट" असं स्वतःलाच बजावी. मागे बसलेल्या माणसाला या बजावण्याने धीर येतो असं काही नाही.

लोणीपर्यंत दोहीकडे ऊसच ऊस. संगमनेरच्या अलीकडे नदी भेटली आणि मग कधी उजवीकडे, कधी डावीकडे सोबत करत राहिली. एका हॉटेलात भजी खाल्ली. लार्सला आपल्याकडच्या हॉर्नचं फार नवल वाटत होतं. त्यांच्याकडे हॉर्न वाजवला म्हणजे समजावं, माणूस रागावलाय. मी म्हटलं, आमच्याकडे हॉर्न म्हणजे 'मी आलो बरं का' असं सांगणं. आपण दार नाही का वाजवत? हे त्याला पटलं आणि तिथून पुढे तो कोंबड्यांनासुद्धा दार वाजवत चालला.

अकोले सोडलं तशी हवा बदलली. ऊस मागे राहिला आणि भाताची कापलेली खाचरं लागली. ठिकठिकाणी झोडपणी चालली होती, नव्या आंबेमोहोराचा वास रस्त्यावर येत होता. गवत सोनेरी झालं होतं. आमच्या सपाट मुलखात डोळ्याला अडवायला काही नसतं. इथे जिकडे बघावं तिकडे डोंगर. मला फार बरं वाटत होतं, आणि तेवढ्यात विठ्याचा घाट लागला.

पहिल्या वळणावर मी खाली पाहिलं. दुसऱ्या वळणावर डोळे मिटले. लार्सच्या पाठीला कपाळ टेकवलं, कोटाला दोन्ही मुठींनी धरलं आणि येईल तेवढं रामरक्षेतलं म्हटलं. घाट संपला तरी मला ते कळलं नाही, कारण डोळे उघडून बघायचं धाडसच झालं नाही. ही गोष्ट मी कोणालाही, सुमतीलासुद्धा, सांगणार नव्हतो. वर्गात चाळीस पोरं ज्याच्या नुसत्या खाकरण्याने गप्प होतात त्याने अशा गोष्टी सांगायच्या नसतात.

राजूर आलं ते मी कानांनी ओळखलं. बाजाराचा दिवस होता. बैलांच्या घुंगरांचा आवाज, शेळ्यांचं ओरडणं, कांद्याचा भाव. फटफटी हळू झाली, डगमगली, एकदम उजवीकडे वळली. मग लार्स आनंदाने "थँक यू!" असं ओरडला, फटफटीने उसळी घेतली आणि मागे हशा पिकला. मला वाटलं, गाव आमचं स्वागत करतंय.

धरणाच्या भिंतीवर

दुपारी भंडारदऱ्याला पोचलो. पावसाळा संपून फार दिवस झाले नव्हते, जलाशय काठोकाठ होता. मी भिंतीवर उभा राहिलो. एका बाजूला पाणीच पाणी, त्यात उलटे डोंगर. दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि तिच्यातून निघालेली ती एवढीशी नदी. हिचंच पाणी आमच्या घरामागून जातं. सुमती त्यातच धुणं धुते. मला एकदम भरून आलं. चौदा वर्षं ज्याचं खाल्लं त्याच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो होतो, आणि तेही हात हलवीत! डब्यातली एक करंजी काढून मी पाण्यात सोडली.  लार्सनेही एक सोडली.

शेंडीच्या एका चहावाल्याने ओसरी दिली, पिठलंभात दिला. जेवताना लार्स म्हणाला, "तुमचे पोलीस फार चांगले आहेत. राजुरात एवढी गर्दी होती, मी चुकून उजव्या अंगाला गेलो, तरी त्या पोलिसाने रागावायचं सोडून मला हात केला, 'जा, जा, तू आधी जा.' मी त्याला सलाम केला."

"आमच्या जिल्ह्याचे पोलीस असेच," मी अभिमानाने म्हणालो.

आडवी बैलगाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी परतताना मी डोळे उघडे ठेवायचा पण केला होता आणि राजूरपर्यंत तो बऱ्यापैकी पाळला. म्हणूनच रस्त्यात आडवी लावलेली बैलगाडी मला लांबूनच दिसली. गाडीच्या जुवावर एक हवालदार बसला होता. खाकी हाफपँट, पिकलेल्या मिशा, गळ्यात शिट्टी. आम्हाला पाहून तो सावकाश उठला.

"उतरा खाली. लायसन."

लार्सने हसतमुखाने राखाडी पुस्तक दिलं. हवालदाराने ते उलटसुलट करून पाहिलं, शर्टाच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं. ते बटण लागलं तसं लार्सचं हसू मावळलं.

"काल दुपारधरनं वाट बघतोय," हवालदार मला म्हणाला. "मला वाटलं, घोटीकडनं निसटला. तुमी कोन?"

"मी श्रीरामपूरला हायस्कुलात शिक्षक आहे. हे माझे पाहुणे."

"मग मास्तर, पाव्हन्याला सांगा. एक, बाजारात उलट्या अंगानं गाडी घातली. दोन, सरकारी मानसानं बोलवलं तर सलाम ठोकून पळाला. सगळा बाजार मला हसला. आवळेवाली म्हातारी म्हनली, हवालदार, गेलं की पाखरू! तीस वर्सं नोकरी झाली, आसं कोनी केलं न्हवतं."

"शिट्टी का नाही वाजवलीत?"

"तिच्यातली गोळी हरवलीया," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला.

"बरं, मग आता?"

"आता काय? कोर्टापुढं हुबं ऱ्हायचं. दिवाळीच्या सुट्टीनं कोर्ट बंद हाय, उघडंल आठ-दहा रोजानं. तवर हे पुस्तक माज्यापाशी."

मी हे लार्सला सांगितलं. तो पांढराफटक पडला. बोट चौथ्या दिवशी होती. मग त्याने एक गोष्ट केली जी त्यांच्याकडे अगदी सरळ आहे: पाकीट काढलं. त्यांच्याकडे पोलीस जागच्या जागी दंड घेतो, पावती देतो, आणि दोघेही आपापल्या वाटेने जातात. इथे हॉटेलासमोर पंधरावीस माणसं जमली होती. त्यांच्यासमोर त्याने नोटा पुढे केल्या.

हवालदाराच्या मिशा थरथरल्या. "मला पैसं दाखवतो? चारचौघांत? मास्तर, ह्याला सांगा, ह्या खिशात तीस वर्सांत पगाराबिगर काय पडलं न्हाई!"

माझी त्रेधा उडाली. एकाला सांगायचं, पैसे आत ठेव. दुसऱ्याला सांगायचं, अहो ही लाच नाही, त्यांच्याकडचा कायदा आहे. दोघांनाही पटेना. शेवटी लार्स काकुळतीने म्हणाला, "पण त्यांनीच तर मला जायला सांगितलं!"

"मी जा म्हटलं?" हवालदार उसळला. "मी ये म्हटलं! हे बघा!" त्याने हात पुढे केला, पंजा खाली वळवला आणि चारी बोटं आपल्याकडे ओढली. आपण सगळे करतो तसंच. अगदी शुद्ध मराठी 'इकडे या'.

"बघा!" लार्स म्हणाला. "जा!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी लार्सला विचारलं, "तुमच्याकडे माणसाला बोलावतात कसं?" त्याने पंजा वर करून एक बोट आकड्यासारखं स्वतःकडे वाकवलं, आणि ते नेमकं हवालदाराकडे बघून.

"आसं तर मी कुत्र्यालाबी बोलवत न्हाई," हवालदार म्हणाला.

मी खूप समजावलं. हाताचीही भाषा असते, ती देशागणिक बदलते, याला तुमचा हात वाचता आला नाही, एवढंच. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"त्याला वाचता आला न्हाई, मानलं. पन तुमी? तुमी मागं बसल्ते. तुमाला माजा हात दिसला आसंल ना? मग त्याला थांब का न्हाई म्हनलात? बघूनबी गप बसलात म्हंजे तुमीच शिकीवलं आसंल, चल, दे मार फटफटी!"

हॉटेलातले लोक उठून जवळ आले. रस्त्याकडेला आवळ्याची पाटी घेऊन कालची म्हातारी बसली होती, तिनेही मान वर केली. लार्सला काही कळत नव्हतं. तो आळीपाळीने आमची तोंडं पाहत होता आणि मधूनच त्या बटण लावलेल्या खिशाकडे. मी काहीतरी ठोकून देऊ शकलो असतो. ऊन डोळ्यांवर होतं, धूळ उडाली होती, असं काहीही. पण ज्याची बोट चुकणार होती तो माणूस माझ्या घरचा पाहुणा होता.

"मला तुमचा हात दिसला नाही," मी म्हणालो.

"का न्हाई दिसला?"

"कारण माझे डोळे मिटलेले होते."

"आँ?"

"विठ्याच्या घाटापासून. मला भीती वाटत होती. त्याच्या पाठीत तोंड खुपसून मी रामरक्षा म्हणत होतो. तुमचं राजूर मी पाहिलंच नाही."

 मग आवळेवाली म्हातारी पाटीवर हात आपटत म्हणाली, "आगं बया! डोळं झाकून धरन बघाया निघाला ह्यो!"

आणि मग जो हशा झाला तसा मी माझ्या वर्गातही कधी ऐकलेला नाही. हॉटेलवाला हसला, गाडीवान हसला, गाडीवानाला हसताना पाहून लार्सही हसला. सगळ्यात शेवटी हवालदार हसू लागला. त्याने टोपी काढली, डोळे पुसले आणि खिशाचं बटण काढलं. काल गाव त्याला हसलं होतं, आज मला हसलं. फिट्टंफाट! माझे कान तापले होते, पण त्या पुस्तकाचा राखाडी कोपरा बाहेर येताना पाहिला तेव्हा जीव भांड्यात पडला.

"उलट्या अंगाबद्दल ताकीद देतो," हवालदार म्हणाला. "आन दुसऱ्याबद्दल शिक्षा. मास्तर, तुमच्या शाळंत काय देता?"

"दहा वेळा लिहून आणायचं."

"मग ह्यानं दहा येळा करून दाखवायचं."

आणि लार्सने त्या रस्त्यावर उभं राहून, पंजा खाली धरून, दहा वेळा 'या' केलं. लोक मोजत होते. पाचव्याला बैलगाडीचा मालक खरोखरच पुढे आला.

शेंगोळी आणि बैलांचा प्रश्न

शिक्षा झाल्यावर हवालदार जेवायला घरी घेऊन गेला. नाही म्हणायची सोय नव्हती. सारवलेल्या ओटीवर पानं मांडली होती. हुलग्याची शेंगोळी, नागलीची भाकरी, खुरासणीची काळी चटणी. लार्सला मांडी घालता येईना, म्हणून त्याला पाटावर पाट ठेवून उंच बसवलं. शेंगोळीला तो आधी किडे समजला. मग तीनदा मागून घेतली.

जेवताना त्याने सांगितलं की लहानपणी त्यांच्याकडेही वाहनं डावीकडूनच चालत. तीन वर्षांपूर्वी सरकारने ठरवलं की शेजारच्या देशांसारखं उजवीकडून चालायचं, आणि एका रविवारी पहाटे साऱ्या देशाने बाजू बदलली. सगळ्या गाड्या थांबल्या, पलीकडे गेल्या आणि पुन्हा चालू लागल्या.

मी भाषांतर केलं. हवालदाराचा घास हातात राहिला. मग त्याने विचारलं, "मानसांना सांगितलं आसंल, पन बैलांना कसं समजावलं?"

"तो म्हणतो, त्यांच्या रस्त्यावर बैल नसतात."

"मग सोपं हाय," हवालदार म्हणाला आणि घास तोंडात घातला.

निघताना मी लार्सला निरोपाचा शब्द शिकवू लागलो. "मी जातो" असं त्याच्याकडून घोकून घेतलं. हवालदाराची बायको चुलीपासून ओरडली, "आवं, जातो काय म्हनायला लावता? येतो म्हनायला सांगा!" मी वरमलो. लार्सला समजावलं की जाताना आमच्याकडे 'येतो' म्हणतात. तो म्हणाला, "पण मी तर जातोय." मी म्हटलं, "हो, पण तसं म्हणायचं नाही."

"येतो," लार्सने हात जोडले आणि फटफटी सुरू केली. आम्ही वीसेक कदम गेलो असू. मागून हवालदार मोठ्याने म्हणाला, "या हं, या!" आणि त्याने हात हलवला. पंजा खाली, बोटं आपल्याकडे.

लार्सने आरशात पाहिलं. कचकन ब्रेक दाबला, फटफटी वळवली आणि थेट हवालदारासमोर आणून उभी केली. ताठ बसून, आज्ञाधारक चेहऱ्याने.

"काय ऱ्हायलं?" हवालदाराने विचारलं.

"तुम्ही बोलावलंत ना?" लार्सचं म्हणणं मी सांगितलं.

"मी बोलवलं न्हाई! मी जा म्हनतोय!"

"तो विचारतो, जा म्हणायचं होतं तर 'या' का म्हणालात?"

हवालदाराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू प्रश्न मीच विचारला होता. "जा म्हनायला," तो म्हणाला, "ह्यो काय वैरी हाय?"

हे मला इंग्रजीत नीटसं सांगता आलं नाही. घाट उतरताना मी डोळे उघडे ठेवून त्यावर विचार करत होतो.

आमच्या दारात

दोन दिवस श्रीरामपुरात विसावा घेऊन लार्स मुंबईला निघाला. दुसऱ्या दिवशी बोट होती. सुमतीने उरलेल्या करंज्या बांधून दिल्या. रज्जाकने फुकट हवा भरली. लार्सने सगळ्यांना हात जोडून "येतो" म्हटलं. सुमती 'या' म्हणणार, एवढ्यात मी तिला डोळ्यांनी दटावलं. मी स्वतः दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. मनात एकच धास्ती: माझा हात हलला, तोंडून शब्द गेला, तर हा गुणी माणूस फटफटी वळवून परत येईल, आणि असं दोनचार वेळा झालं तर बोट जाईल.

तो निघाला. आम्ही कोणी काही बोललो नाही. पाहुण्याला 'या' म्हटल्याशिवाय दारातून पाठवायची आमच्या घराण्यात कोणावर वेळ आली नव्हती. फटफटीचा आवाज लांब जाऊ लागला. सुमती पुटपुटली, "असं मुक्याने घालवायचं का हो?"

कालव्याच्या पुलापाशी फटफटी थांबली. लार्सने वळून पाहिलं आणि हात वर केला. पंजा खाली, बोटं आपल्याकडे. राजुरात दहा वेळा गिरवलेलं, अगदी शुद्ध.

त्याचं लायसन राहिलं की काय! मी धोतराचा सोगा धरून धावत सुटलो. एक चप्पल वाटेत निघाली, ती हातात घेतली. गल्लीतली माणसं बाहेर आली. मी पुलापाशी पोचलो तेव्हा मला बोलता येत नव्हतं.

"काय... काय राहिलं?"

लार्सने नवलाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या चपलेकडे पाहिलं, आणि मग त्याची तांबडी दाढी हलू लागली.

"काही नाही," तो म्हणाला. "मी तुम्हाला बोलावलं नाही. निरोप घेत होतो, हवालदारांसारखा."

पुलाच्या कठड्याला धरून आम्ही दोघे हसलो. खालून पाणी चाललं होतं. मग त्याने पुन्हा एकदा, मराठीत, सावकाश म्हटलं, "येतो, सर."

"या," मी म्हणालो. हात मात्र हलवला नाही, त्यात चप्पल होती.